चुकलेलं काम दाखवा

गुळाच्या व्यापारामुळे भरभराटीला आलेल्या एका गावात एक वृद्ध मास्तर राहत असत. त्यांचं आडनाव खरशीकर. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत त्यांनी तीस वर्षं बांधकाम शिकवलं होतं. आसपासच्या तीन तालुक्यांत जी घरं उभी राहिली, त्यांतल्या निम्म्या घरांवर त्यांच्या हाताखालून गेलेल्या माणसांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर त्यांनी शिकवणं थांबवलं; पण यशोधन नावाचा एक तरुण अभियंता वर्षभर आठवड्यातून दोनदा त्यांच्याकडे येत असे. पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "मास्तर, पदवी मिळाली, नकाशे काढता येतात, पण भिंतीवर हात ठेवला तर मला काही समजत नाही." हे प्रांजळ बोलणं मास्तरांना आवडलं आणि त्यांनी त्याला येऊ दिलं.

एका सकाळी यशोधन आलेला असताना गावातले गुळाचे मोठे व्यापारी बसवंतअप्पा शेटे मास्तरांच्या दारात आले. बाजारात ज्यांचा आवाज चार दुकानं पलीकडे ऐकू येई, ते अप्पा त्या दिवशी हळू बोलत होते.

"मास्तर, मला एक माणूस शोधून द्या. घर दुरुस्त करणारा, शब्दाचा पक्का."

त्यांची मुलगी गिरिजा महाविद्यालयात भूगोल शिकवायची. चार महिन्यांपूर्वी स्कूटरला अपघात झाला आणि तिच्या मणक्याला इजा झाली. ती पुण्याच्या रुग्णालयात होती. जीव वाचला, हातांत पूर्वीची ताकद आली. पाय मात्र आता साथ देणार नव्हते. चाकाची खुर्ची चालवायला ती शिकली होती आणि अडीच महिन्यांनी घरी येणार होती. अप्पांच्या घराला दारात तीन पायऱ्या, प्रत्येक खोलीला उंबरठा आणि न्हाणीघर इतकं अरुंद की धडधाकट माणसालाही आत वळताना अंग चोरावं लागे. अप्पांनी एका ठेकेदाराला काम दिलं होतं. त्याने न्हाणीघर फोडलं, मातीचा ढीग अंगणात घातला आणि परगावी मोठं काम मिळालं म्हणून तो तिकडे निघून गेला. फोन उचलणंही त्याने बंद केलं.

"गिरिजा रोज फोनवर विचारते, घराचं काम कुठपर्यंत आलं? मी रोज सांगतो, होत आलंय." अप्पांनी मान खाली घातली. "आयुष्यात मी गिऱ्हाइकाशी खोटं बोललो नाही, मास्तर. पोटच्या पोरीशी बोलतोय."

मास्तरांनी पायांत चपला घातल्या. मग म्हणाले, "तुम्ही ज्यांची नावं काढली असतील त्यांच्याकडे जाऊ. यशोधन, तूही चल."

पहिलं नाव दिलीप उगारे यांचं होतं. उगाऱ्यांचं कार्यालय वातानुकूलित होतं. भिंतीवर पूर्ण झालेल्या बंगल्यांची छायाचित्रं लावलेली होती. उगाऱ्यांनी चहा मागवला आणि मोठ्या पडद्यावर एकामागून एक स्वयंपाकघरं, दिवाणखाने, न्हाणीघरं दाखवली. यशोधन थक्क होऊन पाहत राहिला. अप्पांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हुरूप दिसला.

सगळं पाहून झाल्यावर मास्तर म्हणाले, "सुंदर आहे. आता तुमचं एखादं चुकलेलं काम दाखवा."

उगारे हसले. "मास्तर, थट्टा करताय?"

"नाही. बावीस वर्षं तुम्ही या धंद्यात आहात. कुठेतरी काहीतरी बिघडलं असेल. ते घर मला पाहायचं आहे."

"आमचं काम बिघडत नाही," उगारे म्हणाले. त्यांचा आवाज अजून गोडच होता. "तीच तर आमची ओळख आहे."

मास्तरांनी चहा संपवला, मनापासून आभार मानले आणि उठले. बाहेर आल्यावर अप्पा अस्वस्थ झाले. "मास्तर, एवढा नावाजलेला माणूस! त्याच्या तोंडावर असं कुणी विचारतं का?" मास्तर दुसऱ्या पत्त्याकडे चालू लागले होते.

दुसरा ठेकेदार अधिक मोकळा निघाला. चुकलेलं काम विचारताच त्याने एक सोडून चार सांगितली. एकात गवंडी दारू प्यायला होता, दुसऱ्यात सिमेंट शिळं निघालं, तिसऱ्यात मालकिणीने रोज मत बदललं, आणि चौथ्यात नगरपालिकेचं पाणीच खारट होतं. त्याचं बोलणं रंगतदार होतं; अप्पा दोनदा हसलेसुद्धा. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकलं, त्याचेही आभार मानले आणि उठले.

आता मात्र यशोधनलाही राहवेना. "मास्तर, याने तर चुका कबूल केल्या!"

"चार घरांच्या गोष्टी सांगितल्या खऱ्या," मास्तर म्हणाले. "त्या चारही घरांत तो स्वतः कुठे होता, हे मला समजलं नाही."

तिसरं नाव अप्पांनी नाइलाजाने यादीत घातलं होतं. शांताबाई कलगुटगी. वय पन्नाशीचं. वीस वर्षांपूर्वी ही बाई बांधकामावर घमेली वाहायची. गवंडी जेवायला बसले की ती त्यांच्या थापीने उरलेला माल भिंतीवर लावून पाही. असं करत ती टाइल्स बसवायला शिकली, मग नळकाम, मग सगळंच. आता तिच्या हाताखाली सहा माणसं होती. तिला कार्यालय नव्हतं. एका अर्धवट घराच्या जिन्यावर ती भेटली. हातावर वाळलेलं सिमेंट तसंच होतं.

मास्तरांनी तोच प्रश्न विचारला.

शांताबाईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि अप्पांकडे एकदा नीट पाहिलं. "लांब न्हाई," त्या म्हणाल्या. "चला, दावते."

त्यांनी या तिघांना निवृत्त मुख्याध्यापिका सरोजिनी केंजळे यांच्या घरी नेलं. केंजळेबाईंनी दार उघडलं. शांताबाईंना पाहून त्या प्रसन्न झाल्या. आणि त्या का आल्या आहेत हे ऐकल्यावर तर त्यांची छाती फुगली. "या, या. न्हाणीघरात या. मीच दाखवते सगळ्यांना."

न्हाणीघराची भिंत फिकट निळ्या टाइल्सची होती. नळाच्या वर मात्र नऊ टाइल्स किंचित गडद दिसत होत्या.

"ह्या नऊ," शांताबाई म्हणाल्या. "ह्यांच्यामागं नळाचा सांधा हाय. टाइल्स लावायच्या आधी पाण्याचा दाब देऊन सांधा तपासायचा असतो. त्या दिवशी मला दुसरीकडं जायची घाई झाली. तपासला न्हाई. झाकून टाकला."

"आणि मला काहीही कळलं नाही हो," केंजळेबाई मध्येच म्हणाल्या. "नळ छान चालत होता, भिंत कोरडी होती. तीन महिन्यांनी ही दारात उभी. म्हणते, बाई, दुसऱ्या एका घरी असाच सांधा पाझरला. तुमच्याकडचा मी तपासलेला नाही, मला भिंत फोडू द्या. मी म्हटलं, अगं, चांगली भिंत कशाला फोडतेस? ऐकायला तयार नाही. फोडली, तर सांधा खरोखर पाझरत होता. आतल्या आत थेंब थेंब. दोन वर्षांनी शेजारच्या खोलीची भिंत फुगली असती, आणि तेव्हा मी कुणाला विचारणार होते?"

"त्या रंगाच्या टाइल्स पुन्हा मिळाल्या न्हाईत," शांताबाई म्हणाल्या. "कोल्हापूरपातूर शोधल्या. मग जवळचा रंग लावला."

"पाहुणे विचारतात, इथे रंग वेगळा का?" केंजळेबाईंनी त्या नऊ टाइल्सवर हात ठेवला. "मी सांगते, हे आमच्या शांताचं काम आहे. संपूर्ण घरात हीच भिंत मला जास्त आवडते."

शांताबाई खाली बघत होत्या, पण त्यांचा चेहरा लाजलेला नव्हता. मान ताठ होती.

मास्तरांनी अप्पांकडे वळून फक्त एवढंच म्हटलं, "काम यांना द्या."

परतीच्या वाटेवर यशोधन मास्तरांच्या बरोबरीने चालत होता. शेवटी त्याने विचारलं, "मास्तर, चांगलं काम पाहूनच माणूस निवडायचा असतो ना? तुम्ही उलटं का केलंत? आणि हा प्रश्न उद्या गावभर झाला, तर प्रत्येक जण एखादी चूक पाठ करून ठेवेल."

मास्तर रस्त्याच्या कडेला एका कट्ट्यावर बसले. "बाळ, चांगल्या कामात पुष्कळांचा वाटा असतो. माल उत्तम असतो, मालकाचा हात सैल असतो, हवा कोरडी असते. तिथे ठेकेदार किती आणि दैव किती, हे वेगळं करता येत नाही. काम बिघडतं तेव्हा मात्र माणूस एकटा उरतो. त्या वेळी तो कुठे उभा राहिला, हे पाहिलं की त्याची ओळख पटते. राहतं घर दुरुस्त करताना काहीतरी बिघडणारच. जुन्या भिंतीत काय दडलंय हे फोडेपर्यंत कुणालाही माहीत नसतं. म्हणून जो चुकत नाही असा माणूस मी शोधत नव्हतो. चुकल्यावर दारात परत येणारा शोधत होतो. आणि पाठ करू देत की! चूक नुसती सांगून भागत नाही, त्या घरात न्यावं लागतं. त्या घराच्या मालकाने दार उघडावं लागतं."

थोडं थांबून ते पुढे म्हणाले, "उगाऱ्यांनाही अभिमान आहे, शांताबाईंनाही आहे. उगाऱ्यांचा अभिमान त्यांच्या नावाचा आहे. या बाईचा अभिमान कामाचा आहे. तो इतका खरा आहे की स्वतःच्या चुकीसमोरही त्याला मान खाली घालावी लागत नाही."

काम सुरू झालं. मास्तरांच्या सांगण्यावरून सगळं कागदावर लिहिलं गेलं: काय करायचं, कोणत्या मालाने, कोणत्या तारखेपर्यंत, आणि शांताबाई स्वतः रोज किती वेळ हजर राहतील. नकाशे काढायचं काम मास्तरांनी यशोधनला दिलं. त्याच्या नावावरचं हे पहिलं स्वतंत्र काम होतं. अप्पांनी नवं गोदाम बांधायचं ठरवलं होतं आणि हे घर नीट झालं तर गोदामाचं कामही तुझंच, असं त्यांनी सर्वांसमोर सांगून टाकलं होतं.

दारातल्या तीन पायऱ्यांच्या जागी लांब, सौम्य उतार झाला. उंबरठे गेले. स्वयंपाकघराचा ओटा एका बाजूने खाली आला, म्हणजे बसल्या जागेवरून चहा करता येईल. न्हाणीघर शेजारच्या कोठाराची जागा घेऊन दुप्पट झालं. शांताबाईंनी या वेळी सांधे पाण्याचा दाब देऊन तपासले आणि दोन दिवस तसेच उघडे ठेवले. यशोधनला बोलावून दाखवले, मगच टाइल्सना हात घातला.

गिरिजा येण्याला पाच दिवस उरले असताना यशोधनने गावातल्या दवाखान्यातून एक चाकाची खुर्ची मागून आणली. गिरिजाच्या खुर्चीची मापं त्याने मागवली होती, हीसुद्धा तेवढ्याच रुंदीची होती. दुपारची वेळ होती, माणसं अंगणात जेवत होती. तो खुर्चीत बसला आणि स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत घरभर हिंडला. उतार छान होता. खोल्यांची दारं मोकळी होती. मग तो न्हाणीघराच्या दारातून आत शिरू लागला आणि दोन्ही हातांची बोटं चौकटीवर सोलपटली.

त्याने पुन्हा प्रयत्न केला. खुर्ची आत जात होती. चाकं धरलेले हात जात नव्हते. कुणीतरी मागून ढकललं असतं तर काहीच अडलं नसतं.

त्याने टेप लावला आणि त्याला सगळं उमगलं. नकाशात त्याने दाराची रुंदी बत्तीस इंच लिहिली होती. त्याच्या मनात ती मोकळी जागा होती. प्रत्यक्षात त्याने आकडा चौकटीसाठी भिंतीत सोडायच्या खाचेला दिला होता. चौकट बसल्यावर दोन्हीकडून अडीच-अडीच इंच गेले. आणि त्याला आणखी एक गोष्ट आठवली. शांताबाईंनी फोन करून विचारलं होतं, "साहेब, बत्तीस चौकट धरून का सोडून?" तो तेव्हा गोदामाच्या जागेवर अप्पांबरोबर होता. त्याने घाईत उत्तर दिलं होतं, "कागदावर आहे तसंच करा."

न्हाणीघराच्या दाराशी तो एकटाच होता. हे कुणालाही माहीत नव्हतं. खुर्ची तर जात होती. उद्या कुणी विचारलंच, तर दारं साधारण एवढीच असतात असं सांगता आलं असतं आणि ते खोटंही ठरलं नसतं. बाहेर अंगणात अप्पा आणि मास्तर माणसांबरोबर पानावर बसले होते. अप्पांचा जुना मोठा आवाज परत आला होता. यशोधन काही क्षण त्या खुर्चीत बसून राहिला. पुण्याहून येणारी मुलगी घरात पाऊल टाकण्याऐवजी चाक टाकणार आहे, आणि या दाराशी येऊन ती कुणाला तरी हाक मारेल, हे त्याला स्पष्ट दिसलं.

तो उठला आणि अंगणात गेला.

"अप्पा, माझ्याकडून चूक झाली आहे," तो सर्वांसमोर म्हणाला. "न्हाणीघराचं दार अरुंद झालंय. माप मी चुकीचं दिलं. शांताबाईंनी विचारलं होतं, तरी मी लक्ष दिलं नाही."

अप्पांचा हात पानावरच थांबला. त्यांचा चेहरा लाल झाला. "पाच दिवस राहिलेत! आता सांगतोस? इंजिनिअर म्हणवतोस स्वतःला?"

यशोधनने खुलासा केला नाही. "आत्ताच कळलं. चला, दाखवतो."

सगळे न्हाणीघराशी आले. त्याने खुर्चीत बसून दाखवलं आणि सोललेली बोटं पुढे केली. शांताबाई चौकटीकडे पाहत होत्या. "मी विचारलं हे खरं," त्या म्हणाल्या, "पण उत्तर नीट आलं न्हाई हे मलाबी कळलं हुतं. पुन्यांदा विचारायला पायजे हुतं. ह्यात माझा बी वाटा हाय." मग त्यांनी भिंतीवर हात फिरवला. "भिंत फोडली तर वरचा तुळईचा दगड हलंल, त्यात हात नको. चौकटच काढून टाकू. दार बिजागरीवर नको, भिंतीलगत सरकतं करू. सगळे बत्तीस मोकळे मिळतील."

यशोधनचे डोळे चमकले. "आणि खुर्चीत बसून दार ओढायला मागे सरकावं लागणार नाही!"

"किती दिवस?" अप्पांनी विचारलं. आवाज अजून कडकच होता.

"तीन," दोघंही एकदम म्हणाले.

अप्पा अंगणात परतले. मास्तर त्यांच्यापाशी जाऊन बसले. "रागावणं स्वाभाविक आहे," ते म्हणाले. "पण एक सांगतो. तीस वर्षांत माझ्या हाताखालून शेकडो मुलं गेली. कुणी पूल बांधले, कुणी धरणांवर काम केलं. लोक मला त्यांची नावं सांगतात, मी ऐकून घेतो. आज मात्र मला चारचौघांत उभं राहून सांगावंसं वाटतंय, की हा मुलगा माझ्याकडे शिकतो."

अप्पांनी वर पाहिलं. मास्तरांचे डोळे भरून आले होते.

तीन दिवस यशोधन नकाशा बाजूला ठेवून शांताबाईंच्या माणसांबरोबर राबला. चौकट निघाली, कडांना गुळगुळीत दगडी पट्टी बसली, सरकतं दार एका बोटाने हलू लागलं. शांताबाईंनी त्याला थापी धरायला शिकवली आणि त्याचा गिलाव्याचा पहिला हात पुसून टाकून दुसऱ्यांदा करायला लावला.

गिरिजा आली त्या दिवशी घरासमोर अर्धी पेठ जमली होती. तिने गाडीतून स्वतःच खुर्चीत अंग टाकलं, उतारावर क्षणभर थांबली आणि एका दमात वर आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली, पण थांबली नाही. दिवाणखाना, तिची खोली, ओटा, सगळं तिने पाहिलं. सहा महिने तिच्या अवतीभोवती सतत कुणीतरी होतं. परिचारिका, आई, मावशी. अंघोळीच्या वेळीही.

ती न्हाणीघराशी आली. तिचे हात चाकांवर होते. ती आत गेली, खुर्ची वळवली आणि दार सरकवून बंद केलं. मग आतून कडी लागल्याचा आवाज आला.

अप्पा दाराकडे पाठ करून भिंतीला टेकले. त्यांनी उपरणं तोंडावर धरलं होतं. आतून पाण्याचा आवाज येऊ लागला.

शांताबाई आपल्या माणसांकडे वळल्या. "चला रं सगळे भायेर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "आता हे कामाचं ठिकाण न्हाई."

अवजारं उचलून सगळे अंगणात गेले. यशोधन त्यांच्यात होता. आपलं नाव त्या घरात कुठेही लिहिलेलं नाही, आणि तरीही आयुष्यात इतका अभिमान आपल्याला पूर्वी कधी वाटला नव्हता, हे त्याच्या लक्षात आलं. शांताबाईंच्या शेजारी उभा राहून तो थाप्या धुऊ लागला.